धाकटीनं यायचं असतं

२६ डिसेंबर २०२०, शनिवार

त्रायकोचा चाळिसावा, नवरा गेल्यानंतरचा. खरा बुधवारी येतो, पण अलीकडच्या शनिवारी करायची पद्धत आहे, म्हणून आज. पहाटे गहू उकडले, पंचावर पसरून कोरडे केले, साखर आणि कुटलेले अक्रोड घातले. वर पिठीसाखर थापून साखरेच्या गोळ्यांचा क्रूस केला. कबरीवर आम्ही दोघेच, मी आणि पाद्री. मास्कमुळे पाद्र्याचे निम्मे शब्द कापडातच राहिले.

मग इमारतीत वाट्या घेऊन फिरले. माणसानं वाटी हातात घ्यायची, चमचाभर तोंडात टाकायचं आणि म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. तेवढंच असतं. यंदा सगळ्यांनी दाराआडूनच सांगितलं, बाहेर ठेव दोन्का, आम्ही घेतो. तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या मास्तरांनी दार उघडलं, पण हातात भांडी घासायचे रबरी मोजे. मी जिन्यात थांबून राहिले. झाकण उघडल्याचा आवाज कुठूनच आला नाही.

कुणी खाल्लंच नाही तर त्याला पोचतं का? पाद्र्याला विचारायला हवं होतं.

खाली दारावर चाळिसाव्याचा कागद चिकटवला. फोटो लेकीच्या, देसीच्या लग्नातला. टाय सैल केलेला, मी कितीदा सांगितलं होतं नीट कर म्हणून. देसी स्पेनहून येऊ शकली नाही. मातीलाही नाही, आजही नाही.

झिवकासाठी वाटी भरलीच नव्हती.


२७ डिसेंबर

एकदा लिहूनच टाकते. म्हणजे डोक्यात घोळत राहणार नाही.

शिवणकामाच्या कारखान्यात झिवकाचं मशीन माझ्या शेजारी. नोव्हेंबर लागला तेव्हा आम्ही इस्पितळांसाठी झगे शिवत होतो. घाई होती. सोमवारी ती खोकतच आली. म्हणाली, कापडाची तूस गं, ताई, घशात बसलीय. दिवसभर खोकली. घरी जा म्हणून मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, पूर्ण हजेरीचा बोनस तू देणार का? मी हसले. बुधवारी मला ताप. मग त्रायकोला.

मी उठले. तो उठला नाही. रुग्णवाहिकेत बसताना म्हणाला, सपाता दे, तिथली फरशी गार असते. सपाता पिशवीत घालून दिल्या. परत आला तो चेन लावलेल्या पोत्यात. उघडायचं नाही म्हणाले. त्याला सूट घालू दिला नाही. मी इस्त्री करून नेला होता. शेवटी पेटीत, पोत्यावरच पसरून ठेवला – कोट, खाली विजार, जसा माणूस आडवा पडतो तसा.

झिवका बरी झाली. एकदा तिचा फोन आला होता. मी उचलला नाही. नंतर ती आली नाही. यायला हवं होतं. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटी आहे ती. बावीस वर्षं एका बाकावर बसलो आहोत.


३० डिसेंबर

आज खरा चाळिसावा. काही केलं नाही. वाचत बसले. एकच पान.


११ जानेवारी २०२१, सोमवार

कामावर परत. मशीनच्या मधे आता पारदर्शक पत्रे लावलेत. आमची सुपरवायझर गान्का म्हणाली, तुम्हा दोघींच्या मधे मुद्दाम जाड लावलाय, एकमेकींच्या तोंडाला लागू नका. बाकीच्या हसल्या. तिला वाटलं असेल, हसण्यावारी नेलं की मिटेल.

झिवकाही काळ्या कपड्यांत होती. तिची आई, वेलिका आजी, नाताळच्या आधी गेली. याच आजारानं. मला माहीत होतं. बेकरीजवळच्या खांबावर तिच्या मृत्यूचा कागद पाहिला होता. वेलिका आजीनं दर हिवाळ्यात मला बिहीचा मुरंबा पाठवलाय. तरी मी गेले नाही. कागदासमोर उभी राहिले, पाव घेतला आणि घरी आले.

पत्र्यातून ती अंधुक दिसते. कात्री हवी होती तर तिनं गान्काकडे मागितली.


२ फेब्रुवारी

वाचनालय उघडलं. आत सोडत नाहीत. तोत्का खिडकीतून पुस्तकं देते. परत केलेली पुस्तकं तीन दिवस खोक्यात एकटी ठेवतात. त्यांनाही विलगीकरण! तोत्का म्हणाली, दोन्काताई, तुम्ही न वाचलेलं असं आता फक्त बटाट्याच्या रोगांवरचं उरलंय. तेच घेतलं. आठवीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून हाती लागेल ते वाचत आले. त्रायको म्हणायचा, ही औषधाच्या बाटलीवरचं सुद्धा शेवटपर्यंत वाचते.

बटाट्यांनाही बरेच रोग असतात.


९ फेब्रुवारी

देसीचा फोन. झिवका आली का, तिनं विचारलं. नाही म्हटलं. मग म्हणाली, आई, सोड आता. आजाराला आडनाव नसतं. बसमधून आला असेल, दुकानातून आला असेल.

मी म्हटलं, मी तो शेजारी बसून ऐकलाय. त्याला आडनाव होतं.

तिकडे नातू काहीतरी स्पॅनिशमध्ये ओरडत होता. मग म्हणाली, ठेवते.


२१ फेब्रुवारी

लस. रांग चौकापर्यंत. हात दुखतोय. त्रायको असता तर म्हणाला असता, आता शिंग कुठून फुटतं ते बघ.


१ मार्च

आज सगळ्यांच्या मनगटावर वसंत लागल्याचे लाल-पांढरे दोरे. माझ्या मशीनवरही एक ठेवलेला होता. झिवकानंच. पीळ तिचा, मला ओळखता येतो. दरवर्षी ती सगळ्यांसाठी वळते. पण हा नुसता पांढरा होता. शोकात लाल बांधत नाहीत, म्हणून तिनं लाल काढून टाकला होता.

तिच्या स्वतःच्या मनगटावर काहीच नव्हतं.

मी तो खणात टाकला. ती बघत होती का, ते पाहिलं नाही. दोरा ठेवायला वेळ मिळतो. माझ्या दारापर्यंत यायला मिळत नाही.


७ मार्च

पुढच्या रविवारी क्षमेचा रविवार. मग उपास लागतो. त्या दिवशी धाकट्यांनी थोरल्यांकडे जायचं, हाताचं चुंबन घ्यायचं, क्षमा करा म्हणायचं. थोरल्यांनी म्हणायचं, क्षमा आहे. नवरा-बायको महिनोन्‌महिने बोलत नसले तरी त्या दिवशी बोलतात. माझी सासू तर शेजारणीशी वर्षभर भांडायची ती त्या दिवसाच्या भरवशावर.

झिवका त्या दिवशी येईल. त्या दिवशी नाही आली तर मग कधीच नाही.


१२ मार्च, शुक्रवार

दोन शब्द म्हणायचे आहेत. भांडी घासताना म्हणून पाहिले. 'क्षमा' निघाला. 'आहे' निघेना. नळ बंद केला, पुन्हा म्हणून पाहिलं. नाहीच. पोतं डोळ्यांसमोर येतं, त्यावरचा कोट येतो.

ती आली आणि माझ्या तोंडून निघालंच नाही तर काय करायचं? दारात उभी राहील बिचारी.

बिचारी लिहिलं मी. बघा.

आज कामावर गान्का मला बाजूला घेऊन म्हणाली, तू थोरली आहेस, दोन्का, तुझ्याकडून काहीतरी होऊ दे. मी म्हटलं, थोरल्यानं दार उघडं ठेवायचं असतं, धाकट्यानं यायचं असतं. रीत मी नाही काढलेली.


१४ मार्च, रविवार

सकाळी चीज घालून बनित्सा, पापुद्र्यांची पोळी, भाजली. अंडी उकडली. हलव्याची वडी आणली. दोन ताटल्या मांडल्या. मग तिसरी मांडली, उगाच, कुणी बरोबर आलं तर म्हणून.

अकराला बेल वाजली. झिवका नव्हती. ग्रिगोर होता, खालच्या मजल्यावरचा, त्रायकोचा पत्त्यातला जोडीदार. टोपी हातात, मास्क हनुवटीवर. दाढी केलेली होती. माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, तेव्हा आला यात नवल नव्हतं. मी हात पुढे केला. त्यानं घेतला आणि सोडेना.

"वहिनी, क्षमा करा."

मी नेहमीसारखं म्हटलं, क्षमा आहे, ये, बस.

"नाही. आधी ऐका. मग म्हणा."

तो बसलाच नाही. कोटाच्या खुंटीकडे बघत बोलत होता. ऑक्टोबरच्या मध्यावर, म्हणाला, मिन्कोच्या गॅरेजमध्ये आम्ही पत्ते खेळायचो. शेगडी पेटवून, दार लावून. त्रायको रोज यायचा. मला, त्याच्या बायकोला, ठाऊक नव्हतं. मी जाऊ नको म्हणून बजावलं होतं. तो मला सांगायचा, बागेत पाला जाळायला जातोय. घरी यायचा तेव्हा कपड्यांना धुराचा वास असायचा, म्हणून मला खरं वाटायचं.

"मला तेव्हाच कशाचा वास येईनासा झाला होता. कोबीच्या पिंपात डोकं घातलं तरी काही नाही. मी सांगितलं त्यांना. त्रायको म्हणाला, बरंच झालं, मग वाईट राकी तू पी, चांगली आम्ही पितो. हसलो सगळे. आठवड्याभरात मिन्को पडला. त्रायकोही तेव्हाच खोकायला लागला होता. मला म्हणाला, दोन्काला बोलू नकोस, जीव घेईल माझा."

हे झिवकाच्या खोकल्याच्या आधीचं. चांगलं आठवडाभर आधीचं.

मी विचारलं, इतके दिवस का बोलला नाहीस. म्हणाला, मिन्को गेला, त्रायको गेला, मी एकटा उरलो. कुठल्या तोंडानं येऊ. आज तरी यावंच लागलं.

मी क्षमा आहे म्हटलं. दोन्ही शब्द निघाले. कसे ते कळलं नाही. बनित्साचा तुकडा कागदात गुंडाळून दिला. तो जिन्यात रडत गेला.

नंतर तिथेच बसून राहिले. आठवत गेलं. त्या आठवड्यात त्रायको जेवताना म्हणाला होता, यंदा ल्युतेनित्सात मीठ घालायला विसरलीस. मी चिडले. चमचाभर चटणी चाटून दाखवली, मीठ होतं. म्हटलं, म्हातारा झालास, जीभ गेली तुझी. तो म्हणाला, असेल. आणि गुपचूप खाल्ली.

मग तो आजार त्यानं घरात आणला आणि मी कामावर नेला. त्या शनिवारी माझा घसा धरला होता. ओले कपडे वाळत घातल्यामुळे असेल, म्हटलं. शनिवारीही जादा काम होतं. झिवका माझ्या बाटलीतलं पाणी प्यायली. सोमवारी ती खोकत आली. बोनसवरून मी हसले. तिनं तो घरी आईला नेला.

असंच झालं हे कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण तिच्याकडून मला आला, असं तर आता मुळीच म्हणता येत नाही.

झिवका आली नाही. संध्याकाळी तीन ताटल्या उचलून ठेवल्या. आता ती येणार नाही आणि यायचं कारणही नाही.

साठ वर्षांत धाकट्याच्या दारी गेले नाही. कसं जातात? काय म्हणतात?


१५ मार्च, सोमवार

कामावर जाण्याआधी झिवकाकडे गेले. तिनं दार उघडलं, अर्धे केस विंचरलेले. मी तिचा हात धरला आणि चुंबन घेतलं. ती मागे ओढत होती, मी सोडला नाही. ग्रिगोरनं सांगितलेलं सगळं सांगितलं. वेलिका आजीच्या मातीला मी आले नाही, क्षमा कर, म्हटलं.

ती म्हणाली, "मला ठाऊक आहे, ताई. आईच्या मातीला ग्रिगोरनं सांगितलं मला. डिसेंबरातच."

"मग माझ्या दारी येऊन बोलली का नाहीस?"

"आले असते तर सांगावं लागलं असतं. तुला कुणावर तरी रागवायचं होतं. त्रायकोदादावर रागावली असतीस तर रडली कुणासाठी असतीस?"

क्षमा आहे, असं काही ती म्हणाली नाही. केस बांधले, कोट घातला. बरोबरच गेलो.

आज दिवसभर मशीनवर त्रायकोवर रागावले होते.