घडीवरचं नाक

मंगळवार, १४ मार्च

ताई,

सादर नमस्कार. मी खुशाल. तुझी खुशाली तू वर्षभर कळवली नाहीस, म्हणून गृहीत धरतो.

एक गंभीर तक्रार आहे. चार दिवस झाले, घरात खिडकीच्या काचा पुसायला वर्तमानपत्र नाही. अठरा वर्षं फुकट येत होतं, शनिवारपासून बंद. फडक्याने पुसलं की काचेवर नुसते ढग. माणसाने जगावं कसं?

तर, नोकरी गेली. झोप मात्र छान लागते.

आमचे मालक तुला ठाऊकच आहेत. पेपर त्यांचा, तीन वाहिन्या त्यांच्या, नदीवरचा नवा पूल बांधणारी कंपनीही त्यांचीच. पूल कच्चा आहे असा अहवाल भावोजींनी दिला, तेव्हा मालकांनी मला स्वतः फोन केला. "अहो, तुमचा हात गोड. लोकांना जरा हसवा की!" मी हसवलं. माझ्या सदरातला 'भित्रा इंजिनिअर' शहरभर झाला आणि भावोजींची बदली गोदामावर. तू एवढंच म्हणालीस, "छान लिहितोस हो."

मालकांनी लिहायला लावलं, असं मी तेव्हा सांगितलं. ते खरंच होतं. पण लिहिताना मलाही मजा आली होती, हे सांगितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात पुलाला तडे गेले. वेळीच बंद केला, कुणाला खरचटलंही नाही. ते कळलं तेव्हा मी जिन्यातच बसलो. आमच्या पेपरात बातमी होती: 'पूल सुशोभीकरणासाठी बंद'.

गुरुवारी माझं सदर मालकांच्या फोटोखाली लागलं. आमच्याकडे नियम आहे, पेपरची घडी मालकांच्या चेहऱ्यावर येता कामा नये. संध्याकाळी संपादकांसकट सहा जण पानावर वाकलेले. "अजून दोन बोटं वर घ्या! नाकावर येतेय!" शेवटी नाक वाचलं, सगळ्यांनी हुश्श केलं, पान छपाईला गेलं. खालचं सदर कुणी वाचलंच नाही.

शुक्रवारी शहराने वाचलं. संपादक ओरडले, "हे काय करून ठेवलंत?"

म्हटलं, "घडी बरोबर आली ना?"

कात्रण सोबत आहे. टिंगल छापली होती तीच जागा, तेवढ्याच ओळी. भावोजींचं पूर्ण नाव, त्यांनी काय बजावलं होतं ते, आणि तो अहवाल न वाचताच मी त्यांची टिंगल केली होती, हेही.

भावोजींना वाचायचा आग्रह करू नकोस. टेबलावर ठेव. नाहीच वाचलं, तर काचा पुसायला घे.

उत्तराची वाट न बघायचा प्रयत्न करणारा,
तुझा धाकटा