बस बाई, पाणी येतंय

सोमवार, २५ फेब्रुवारी १९७४

आज नोकरीवर रुजू झालो. सोलापूरहून सकाळच्या बार्शी गाडीने निघालो, खडकलवाडीच्या फाट्यावर उतरलो आणि ट्रंक डोक्यावर घेऊन डोंगराच्या पायथ्याशी आलो. वाटेत दमून ट्रंक खाली ठेवावी लागली, पण कोणी पाहिले नाही.

बालाघाटाच्या या कडेला आमचे वनखाते वनविहार उभारत आहे. सोलापूरच्या माणसाला सुट्टीत पोरेबाळे घेऊन चढायला डोंगर नाही, तो आता होईल. पायथ्याच्या चौकीपासून माथ्यापर्यंत पायवाट काढली आहे. चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढे ओटा आणि ओट्यावर माझ्या कमरेएवढा रांजण. पाट्या रंगवायच्या, पायवाटेच्या दोन्ही कडांना चुना दिलेले दगड मांडायचे म्हणजे शहरातला माणूस चुकणार नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी रांजण भरलेला ठेवायचा, एवढे माझे काम. विहीर खाली मळ्यात आहे. पाणी कावडीने आणायचे.

नववी नापास असूनही ही नोकरी अक्षरामुळे मिळाली. आमचे रेंजर वाघचवरे साहेब म्हणाले, शिवपुत्र, तुझं अक्षर छापल्यासारखं आहे. घरी आम्ही कन्नड बोलतो, म्हणून मराठी लिहिताना मी जरा जास्तच जपतो. आज पहिली पाटी रंगवली, 'पिण्याचे पाणी'. लांब जाऊन वाचली, जवळ येऊन वाचली. बरोबर आहे. अक्कलकोटला अव्वाला, म्हणजे आईला, पत्र टाकायचे आहे. फार आनंदात आहे.

बुधवार, २७ फेब्रुवारी

आज पूर्ण पायवाट चाललो. खाली हिवर आणि बोरी, मधे सीताफळीची झुडपे, वर धावडा. पाने गळाली आहेत. माथ्यावरून लांब तळ्याचे पाणी चमकते.

माथ्याच्या अलीकडे वाटेला लागून गोल दगडांची मोठी रास आहे. तिथे गुंडा भेटला. खडकलवाडीचा म्हातारा धनगर, याच डोंगरावर मेंढरे चारतो. त्याने खांद्यावरच्या घोंगड्यातून एक दगड काढून राशीवर ठेवला आणि काहीतरी पुटपुटला. मी विचारले. तो मेंढरांकडे बघत सांगू लागला, की बहात्तरच्या दुष्काळात एक बाई हितं बसली हुती. कुटली, कुनाची, ठावं न्हाय. पानी मागितलं. माझ्याकडं घोटबी न्हवता. म्हटलं, बस बाई, पानी येतंय. वरचा झरा आटल्याला, म्हनून पार खाली हिरीवर गेलो. यायला उशीर झाला की.

परत आला तेव्हा तिचे तोंड एका दगडाला लागलेले होते. ओल शोधत असावी. विचारायला कोणी आले नाही. धनगरांनी तिथेच तिला दगडांनी झाकले. तेव्हापासून इथून जाणारा प्रत्येक जण खालून एक गोल धोंडा आणून ठेवतो आणि गुंडा बोलला होता तेच बोलतो. मी विचारले, असे किती दिवस सांगणार? तो म्हणाला, ती बसून ऱ्हाईल तवर. मग माझ्या हातातल्या पाटीकडे बघून हसला. म्हणाला, सरकारी मानसा, तुजं लिवल्यालं माजी मेंढरं वाचनार न्हाईत बरं का.

मीही एक दगड ठेवला. शब्द मात्र बोललो नाही. दगडाशी बोलायचे म्हणजे कसेतरीच वाटले.

रविवार, ३ मार्च

साहेब जीपने आले होते. एकवीस तारखेला जागतिक वनदिन आहे, त्या दिवशी उद्घाटन, सोलापूरच्या शाळा येणार. दगड या आठवड्यात लागलेच पाहिजेत.

खालची अर्धी वाट ओढ्यातल्या दगडांनी झाली. वर सगळा मुरूम. तो हातात फुटतो, त्याच्यावर चुना धरत नाही. ओढ्यातून दगड वर नेऊन खांदा सोलून निघाला आहे.

वर चांगले गोल दगड एकाच ठिकाणी आहेत.

मंगळवार, ५ मार्च

काल आणि आज वरची वाट पूर्ण केली. दगड राशीतले घेतले. मागच्या बाजूने काढले. गुंडा येतो त्या वाटेवरून रास होती तशीच दिसते, हे मी उभा राहून पाहून घेतले.

हे लिहून ठेवतो आहे, कारण लिहिले नाही तर ते चोरी केल्यासारखे होईल. लिहूनही तसेच वाटते.

गुरुवार, ७ मार्च

साहेब खूश. म्हणाले, वा रे पठ्ठ्या, परेडला उभे केल्यासारखे दगड लावलेस. मला मान वर करता आली नाही. त्यांना वाटले मी लाजतो.

ते गेल्यावर माथ्यापर्यंत जाऊन आलो. वरच्या काही दगडांवरचा चुना गेला आहे. पुसला म्हणावे तर खाली सांडलेला नाही. चाटल्यासारखा गेला आहे. मेंढरे मीठ चाटतात तशी चुनाही चाटत असतील. पुन्हा चुना दिला.

शनिवार, ९ मार्च

काल होळी झाली. आज सकाळी रांजण रिकामा. काल संध्याकाळी काठोकाठ भरला होता. तळाशी ओलसुद्धा नव्हती.

दुपारी साहेबांचा शिपाई आला. त्याने विचारले, तेव्हा मी म्हणालो की गुंडा धनगर मेंढरांना पाजत असेल, चुनाही त्याचीच मेंढरे चाटतात. मी पाहिलेले नाही. 'असेल' म्हणालो. पण तो जाऊन 'आहे' असे सांगणार, हे मला तेव्हाच माहीत होते.

सोमवार, ११ मार्च

गुंडाला डोंगर बंद केला. साहेबांनी माझ्यासमोर सांगितले. त्याने हुज्जत घातली नाही. माझ्याकडे एकदा पाहिले आणि विचारले, तू बगितलंस का पोरा? मी साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, बघितल्याशिवाय सांगेल का तो.

मेंढरे वळवून तो खाली उतरला. उतरताना मागे वळून राशीच्या दिशेने काहीतरी बोलला. इतक्या लांबून मला ऐकू आले नाही. ते शब्द मला पाठ आहेत.

मंगळवार, १२ मार्च

मेंढरे नाहीत. रांजण रिकामा. चुना चाटलेला आहे, आणि गुरुवारपेक्षा बऱ्याच खालच्या दगडांपर्यंत.

गुरुवार, १४ मार्च

आज एका शाळेचा वर्ग आधीच पायवाट बघायला आला. मुले गाणी म्हणत चढली. ऐन दुपारी उतरली. एक मुलगी मागे राहिली, नागमणी. घरचे हातमागावर काम करतात, तेलुगू बोलतात. ती दोन दगडांच्या रांगांमधून अगदी सावकाश उतरत आली. सारखी मागे बघत होती. कोणाला तरी सांभाळून आणत असल्यासारखी.

ओट्यावर आली तेव्हा तिचे ओठ चुन्यासारखे पांढरे होते. गुरुजींना म्हणाली, त्या बाईंनी विचारलं पाणी कुठवर आहे, मी म्हटलं या माझ्यामागनं, दगड लावलेत की.

मग ती रांजणाला बिलगली. तांब्यामागून तांब्या प्यायली आणि तहान तहान म्हणून रडत राहिली. तिला बार्शीच्या दवाखान्यात नेले. गुरुजींनी मला विचारले. मी म्हणालो, ऊन लागले असेल.

शनिवार, १६ मार्च

फाट्यावरच्या हॉटेलात कळले. मुलगी जिवंत आहे, पण कितीही पाणी दिले तरी तिचे ओठ ओले होत नाहीत. आई उशाशी बसून चमच्याने पाजते.

तडक गुंडाच्या घरी गेलो. सगळे सांगायचे ठरवून गेलो. त्याच्या बायकोने, केराबाईने, तांब्या भरून पाणी पुढे केले. म्हणाली, उनाचं आलास लेकरा, आदी पानी पी. मला ते घशाखाली उतरेना. गुंडा म्हणाला, डोंगर बंद झाला, आता निम्मी मेंढरं इकावी लागनार, तू काय काम काढलंस? मी म्हणालो, सहज आलो होतो. पावसाचे विचारले. मार्च महिन्यात पावसाचे विचारले! केराबाई तोंडाला पदर लावून हसली.

निघताना तो फाटकापर्यंत आला. म्हणाला, आमाला तर जाता येत न्हाय. तू राशीवर धोंडा ठिवतोस न्हवं? बोलतोस न्हवं तिच्यासंगं?

मी हो म्हणालो.

सोमवार, १८ मार्च

चाटलेले दगड आता चौकीच्या पाटीपर्यंत आले. वाट मीच दाखवली आहे. तिला चुकायला जागाच ठेवली नाही. रांजणाच्या काठावर पांढरे ओठ उमटले आहेत. फडक्याने पुसले. पुन्हा वर आले.

घसा दुखतो.

मंगळवार, १९ मार्च

घागर भरून खोलीत घेतली, कडी लावली. भर दुपारी ओट्यावर कोणीतरी येऊन बसले. दार वाजवले नाही. हाक नाही. रिकाम्या रांजणावर खरखर आवाज, बाहेरून, खालपासून वर. शेळीची जीभ फिरावी तसा. कितीतरी वेळ.

दाराच्या फटीतून पाय दिसला. टाच आटलेल्या तळ्याच्या बुडासारखी, तडे गेलेली.

घागर माझ्याजवळ होती. दार उघडून पाणी दिले असते तर— दिले नाही. भिऊन घागर पोटाशी धरून बसलो. संध्याकाळी बघतो तर घागर कोरडी.

बुधवार, २० मार्च

साहेब मांडववाल्यांना घेऊन आले. पताका लागल्या. सांगायचेच होते. तोंड उघडले आणि साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांना म्हणाले, ही वाट या पोरानं एकट्यानं केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नाही सांगितले. मी नाही सांगितले.

उद्या सकाळी शाळांच्या बसगाड्या. सगळी मुले त्याच दगडांमधून जाणार, आणि त्यांच्यामागून—

एकच उपाय आहे. दगड परत नेऊन ठेवायचे. प्रत्येक दगडाबरोबर ते शब्द. उजाडताच.

गुरुवार, २१ मार्च

उजाडल्यापासून दगड नेतो आहे. राशीवर ठेवतो. तोंडातून शब्द निघत नाही. जीभ टाळूला चिकटली आहे, लाकडासारखी. कावड भरून वर आणली, वर आल्यावर दोन्ही घागरी कोरड्या.

नुसता दगड ठेवून काय उपयोग. तिला सांगायला हवे. म्हणून वही घेऊन इथे राशीपाशी बसलो आहे. बोलता येत नाही तर लिहितो. बस बाई, पाणी येतंय. बस बाई, पाणी येतंय. बस बाई—

खाली हॉर्न. आल्या गाड्या. अजून निम्मे दगड वाटेवर आहेत—

नाहीत. आत्ता पाहिले, वाट मोकळी आहे. खालपर्यंत एकही पांढरा दगड नाही. मुले मांडवातच उभी आहेत, वाट कुठली ते विचारत असतील. वर कोणी येत नाही. बरे झाले. पण दगड कोणी—

माझ्या पायावर दगड. मी ठेवला नाही. दुसराही. अंगाला लागू नये म्हणून हळू ठेवते. हात दिसतो, कोरडा, बोटांना चुना. मांडीवर एक. उठता येत नाही—

गुंडा, तू मेंढरांना रांजणातले पाणी पाजले नाहीस. मी खोटे— साहेब, गुंडाला डोंगर उघडा. नागमणीला—

तिला राग नाही. हेच सोसवत नाही. रागावली असती तर— मी तिचे दगड चोरले, आणि ती मलाच धीर देते. केराबाईसारखीच लेकरा म्हणते. छातीवर आणखी एक ठेवते. म्हणते, बस लेकरा, पाणी ये