राहून गेलेला सलाम

आबा,

आज हसनाबादला चाचांकडं जाऊन आले. तुमच्या बैलांना नाल मारायला यायचे, ते चाचा. आता बैलही न्हाईत अन् नालही न्हाई, पण माणूस अजून ताठ आहे.

आठवतं ना, पाडव्याला ते फराळाला आल्ते आणि मी सगळ्यांच्या पाया पडत पडत त्यांच्याही पायाशी वाकले? साप दिसल्यासारखे मागं सरकले. "ना बेटा, आमच्यात झुकायचं ते फक्त अल्लासमोर." मला वाटलं, माझा नमस्कारच त्यांना नको. चुलीपाशी जाऊन फुगून बसले. तुम्ही करंजी खात खात आत आलात आणि झापलंत, "येडी का काय तू! मान द्यायचा तर समोरच्याला रुचंल तसा द्यावा. आपल्याच हौशीनं कशाला?" मंग उजवा हात कपाळापाशी नेऊन 'सलाम चाचा' म्हणायला शिकवलंत. नमाज चालू असला तर समोरून जायचं न्हाई, हाक मारायची न्हाई, गप बसायचं, हेही तेव्हाच घोकून घेतलंत. बाहेर जाऊन मी सलाम केला तर चाचा असे खुलले की विचारू नका. पुढं नोकरीत त्या एवढ्याशा शिकवणीवर कितीक उंबरे मी निर्धास्त ओलांडले. तुमचे फार उपकार आहेत, आबा.

आणि त्याच चाचांना मागच्या वर्षी मी भोकरदनच्या बाजारात ओळख दिली न्हाई. ऑफिसातल्या बायका सोबत होत्या, मुसलमानांबद्दल नको नको ते बोलून राह्यल्या होत्या. चाचा चहाच्या टपरीवर बसलेले. मी पदर सावरला आणि सरळ पुढं गेले. वर्षभर ते सलत होतं. आज माफी मागायचीच, असं ठरवून गेल्ते.

चाचा नमाज पढत होते. मी ओट्यावर बसून राह्यले. ते बाहेर आले तसा हात कपाळापाशी नेला, आणि पुढं काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बेटा, बाजारात दिसल्ती तू. मीच तोंड फिरवलं. तुझ्यासंगं लोक होते, म्हटलं पोरीला अडचण नको. राग तर न्हाई ना आला?"

मला! आबा, ते मला विचारत होते. मला रडू आवरेना. "न्हाई चाचा" म्हणाले, चहा प्याले आणि घरी आले. मीही त्यांना टाळलं होतं, हे मात्र सांगितलंच न्हाई.