पाहुणे जेवेपर्यंत

आई, आत्यानं माझ्याशी बोलणं टाकलंय, आणि भावकीत सगळे म्हणतात चूक माझीच. तूच ऐक आता. तुझाच आजार मलाही झाला. भूगावच्या फ्लॅटमध्ये केमो घेऊन पडलेली असते. पांढऱ्या पेशी घसरल्यात, घरात गर्दी नको, खोकणारं माणूस तर मुळीच नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. तरी आत्या माले गावाहून जीपभर माणसं घेऊन आली, पदरात खोकत. ह्यांनी दारातच मास्क पुढे केला, फोनवर बोला म्हणाले. तर ती म्हणते, "आमी काय रोगराई घेऊन आलोय व्हय? हिच्या आईला बगायला अख्खा गाव यायचा. तिनं कदी कुणाला दारात उभं क्येलं न्हाई."

नाहीच केलं! ते मी विसरेन? गावचं आपलं स्वयंपाकघर, तुझ्या डोक्यावर एक केस नाही, आणि तू चुलीपुढे बसून भेटायला आलेल्यांसाठी तांदळाच्या भाकरी थापतेयस. मी पाठीला हात लावते तर अंग नुसतं भाजतंय. "आई, दवाखान्यात चल." तू माझा हात झटकतेस. "वरडू नगं. पाव्हणं जेवू देत, मग बगू." पाहुणे जेवले, पान खाल्लं, "जपा बरं का" म्हणत गेले. आपण पुण्याला पोचलो तोवर जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. आणि तेराव्याला हीच माणसं म्हणाली, कॅन्सरनं नेलं. कॅन्सरनं नाही नेलं गं! गाठ तर विरघळत आली होती.

म्हणून मी आतून ओरडले, "आत्या, परत जा," आणि दार लावून घेतलं. पुढे एकदा मला हुडहुडी भरली, ताप चढला. ह्यांना भरल्या ताटावरून उठवलं, "गाडी काढा" म्हटलं. वेळेत पोचलो, शिरेतून औषधं गेली, वाचले. आत्या गावभर सांगते, पोरगी माणूसघाणी झाली. सांगू दे. वाचलेली माणूसघाणी बरी.

हे तुला पोचणार नाही, म्हणून सांगते. फोन वाजला की आत्याचाच असावा असं वाटतं. तू गेल्यावर रोज सकाळी माझी वेणी तिनंच घातली, आई.