नांदेडला न्या

बाई, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि तुमचं शिकवणं आता मी शिकवते. नव्या सिस्टरांना समोर बसवायचं आणि पेशंट वाचणार नाही हे घरच्यांना कसं सांगायचं, ते त्यांच्याकडून करून घ्यायचं. परवा एका पोरीला विचारलं, बाहेर म्हाताऱ्याचा मुलगा उभा आहे, काय सांगशील? ती पटकन म्हणाली, "नांदेडला न्या म्हणीन." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. आपल्याकडे असंच चालतं. सांगायचं जिवावर आलं की नांदेडच्या मोठ्या दवाखान्याकडे बोट दाखवायचं, मग माणूस रस्त्यात जातो आणि आपण सुटतो.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मीही तेच केलं होतं. तुम्ही मला ड्रेसिंगच्या खोलीत ओढून नेलंत. "तुला बोलवंना म्हणून त्या लेकरायनं मरतं माणूस जीपमंदी घालून हिंडायचं व्हय?" मग स्वतः बाहेर गेलात, पेशंटच्या बायकोशेजारी फरशीवर बसलात आणि म्हणालात, "माय, आता इलाज न्हाई राहिला. आत चल, त्यांचा हात धरून बस." ती किंचाळेल म्हणून मी दारात अंग चोरून उभी. ती उठली, नळावर तोंड धुतलं आणि आत जाऊन बसली.

आणि तुमच्या वेळी मी काय केलं? भर दुपारी तुम्हाला आपल्याच दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, आता इलाज नाही, प्रवास सोसणार नाही, इथंच राहू द्या, मुलाला तुम्हीच सांगा, तो तुमच्या घरच्यासारखा आहे. मी बाहेर आले. तो अनवाणीच धावत आला होता. "मावशी, कशी हाय आई?" बाई, मी "नांदेडला ने," म्हणाले. डॉक्टर दुसऱ्या पेशंटमधून मोकळे होईपर्यंत गाडी निघून गेली होती. वाटेतच, वारंगा फाट्यावर तुम्ही गेलात. मागे तुम्ही एकट्या होतात, तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसून, खिडकीतून हात काढून वाट मागत होता.

गेल्या आठवड्यात तो वसमतच्या स्टँडवर भेटला. केस पिकलेत. "मावशी, फाट्यावर ट्रक आडवे होते. धा मिनिटं तिथंच गेली. मी उतरून वाट काढली असती तं आई वाचली असती बगा." नऊ वर्षं हेच उगाळत बसलाय. एका वाक्यात त्याला सोडवता आलं असतं. इतक्या पोरींना शिकवते, पण ते एक वाक्य मला अजून येत नाही. "नशीब बाबा," म्हणाले आणि गाडीत चढले.

हे पत्र खरं म्हणजे त्याच्यासाठी आहे. त्याच्या नावानं सुरुवात होईना म्हणून तुमच्या नावानं केली. वाटलं होतं, लिहून झालं की त्याच्या हाती देईन. आता लिहून झालंय, आणि मी ते देणार नाही.