आतली खुर्ची

वाल्डरोडे, ११ जानेवारी १९९९

ती. आजोबांस सिल्केचा सा. न. वि. वि.

फोनवर तुमचं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून पत्र. वाद्यवृंदातलं व्हायोलिनच्या रांगेतलं माझं उमेदवारीचं वर्ष पुढच्या महिन्यात संपतंय. मग मला ठेवायचं की नाही यावर सगळे वादक मत देणार. नेमके आत्ताच पाहुणे संचालक आलेत. ते म्हणतात, पुढच्या मैफलीतली सिंफनी रचली गेली त्या काळी जशी वाजायची तशीच वाजवा. प्रत्येक स्वर थरथरवू नका, संथ भागात एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत जा. जुनी मंडळी वैतागलीत. आमच्या दोघांत एक स्टँड: श्रोत्यांकडच्या, बाहेरच्या खुर्चीवर वेंडलांटकाका बसतात आणि आतल्या खुर्चीवर मी, पानं उलटायला. ते म्हणाले, घसरायचंच असेल तर बाहेर बर्फ पडलाय की!

तुम्ही आणि आजी तशीच मींड घ्यायचात ना? कशी, ते लिहा. मला ही जागा हवी आहे, आजोबा. अगदी मनापासून हवी आहे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

आपली सिल्के

ग्योर्लिट्झ, १५ जानेवारी

चि. सिल्के हिस अ. उ. आ.

तुझं पत्र चुलीपाशी उभ्यानंच वाचलं. तेवढ्यात बटाटे उकडून फुटले. चक्का आणि जवसाच्या तेलाबरोबर तसेच खाल्ले.

शाळेत आमचे मास्तर तळ्यावरच्या चांदण्याची एक कविता म्हणून घेत. ओळ संपली तरी श्वास तोडू देत नसत; पुढच्या ओळीचा पहिला शब्द मागच्या ओळीतच उजाडू लागला पाहिजे, म्हणत. मींड तशीच असते गं. बोट तारेवरून उचलू नकोस, गज हलका कर, आणि पुढच्या स्वराची नुसती आठवण झाल्यासारखी सरक. वाद्यवृंदात तुझी आजी इर्मा माझ्या आतल्या बाजूला बसायची. तिचं तिसरं बोट जरा उशिरा निघायचं. मी चिडवायचो, की ही स्टेशनावर निरोप द्यायला आल्यासारखी वाजवते. पुढे सगळ्यांना स्वच्छ, कोरं वाजवायचं वेड लागलं आणि मींड गेली. मग इर्माही गेली. घरी तोच दोघांचा स्टँड आहे. पान मीच उलटतो, तेवढ्यात काही सूर निसटतात.

एक मात्र विसरू नकोस. रांगेतून एकटीचा आवाज वर येता कामा नये. मैफल रेडिओवर आहे, ऐकीन. आणि वेंडलांट एकेकाळी माझ्याच रांगेत होता; त्याला विचार, अजून तालात नाक ओढतोस का म्हणावं.

म्हाताऱ्याची आठवण जागी ठेव.

आजोबा ओटफ्रीड

वाल्डरोडे, २८ जानेवारी

ती. आजोबांस सा. न.

जमलं! संचालकांनी मला उभं करून एकटीला वाजवायला लावलं आणि सगळ्यांना म्हणाले, हे असं पाहिजे. मी आनंदानं खाली बसले, तर रांगेत कुणी माझ्याकडे बघेना. वेंडलांटकाका त्या दिवसापासून धड बोललेले नाहीत, म्हणून तुमचा नाकाचा निरोप पोटातच ठेवला. आमच्या पानावर मींडेच्या जागी मी पेन्सिलीनं रेघ ओढली होती, ती त्यांनी खोडून टाकली. पान घाण दिसतं, एवढंच पुटपुटले. सध्या कँटीनमध्ये एकटीच जेवते. चालायचंच. मैफल झाली की मतदान.

आशीर्वाद असू द्यावा, या वेळी जरा जास्त.

सिल्के

ग्योर्लिट्झ, ७ फेब्रुवारी

चि. सिल्के हिस अ. आ.

काल रेडिओच्या जाळीला कान लावून बसलो होतो. संथ भाग आला. सगळी व्हायोलिनं जिना चढल्यासारखी एकेका स्वरावर पाय ठेवत निघाली. आणि त्यांच्यामधून एकच मींड वर आली. तिसरं बोट, जरा उशिरा. मी वेड्यासारखं मागे वळून पाहिलं. किती वर्षांनी घरात कुणीतरी आल्यासारखं वाटलं.

मग आवाज वाढवून पाहिला. एकटीच कशी गं? बाकीचे कुठे गेले होते?

ताबडतोब लिही. जीव टांगणीला लागलाय.

आजोबा

वाल्डरोडे, १५ फेब्रुवारी

ती. आजोबांस सा. न.

मैफलीआधी कँटीनमध्ये बाकीच्यांचं ठरलं होतं म्हणे, की संचालकांचं तालमीपुरतं ऐकलं, आता नेहमीसारखं वाजवायचं. मला कुणीच सांगितलं नाही. बोट सरकलं तेव्हा कळलं, रांगेत मी एकटी आहे. मध्येच थांबता आलं असतं. पण ती मींड अर्धी सोडवेना.

काल मतदान झालं. मला ठेवलेलं नाही. सांगायला वेंडलांटकाकाच आले. म्हणाले, हात चांगलाय तुझा, पण तू शेजाऱ्याचं ऐकत नाहीस. मी ऐकत होते हो, आजोबा. शेजारी बोलतच नव्हता.

आईला इतक्यात कळवू नका. व्हायोलिनची पेटी अजून उघडलेली नाही. उघडावीशी वाटत नाही.

तुमचा लोभ तेवढा राहिलाय.

सिल्के

ग्योर्लिट्झ, १८ फेब्रुवारी

चि. सिल्के हिस अनेक आशीर्वाद.

तुला धीर द्यायला शाळेतल्या सगळ्या कविता मनात म्हणून पाहिल्या. एकही पुरी पडेना.

आईला कळवत नाही. शुक्रवारच्या गाडीनं ये, बटाटे दोघांचे टाकतो. पेटी बंद असली तरी घेऊन ये. स्टँड खिडकीशी सरकवलाय, इर्माची खुर्ची पुसून ठेवली आहे. त्याच सिंफनीचा तो भाग लावून ठेवलाय, आणि तुझी पेन्सिलीची रेघ मी पुन्हा ओढली आहे, जरा जाडच.

थोरल्यानं बाहेर बसायचं आणि धाकट्यानं आत, ही आपल्या धंद्यातली रीत. ती या घरापुरती मोडू. बाहेरच्या खुर्चीवर तू बस. इर्माच्या खुर्चीवर मी बसतो.

पानं मी उलटीन.

तुझा,
आजोबा ओटफ्रीड