निळ्या दोऱ्याचे टाके

मॅडिसन
मंगळवार, २० डिसेंबर

प्रिय ब्रिटा,

घरी सगळे बरे असाल. थंडी कडक आहे, गोठ्यातले नळ गोठले असतील. तुझ्या बाबांना एका हातानं जमत नसेल, तेव्हा पहाटे तूच गरम पाण्याच्या बादल्या नेत असशील. हातमोजे घालत जा, तू घालत नाहीस.

मी ठीक आहे. ओठाला दोन टाके आहेत, बेकरीतलं काम गेलं. मालक मला ‘अर्धवट पदवीधर’ म्हणाला, मी ट्रे भिरकावला, मग मारामारी झाली. मी कॉलेज सोडलं हे तुला ठाऊक आहे. तू फोन उचलणं सोडलंस हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र. ते मधेच कापता येत नाही.

राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेट स्ट्रीटवर उतरलो ते तू टीव्हीवर पाहिलं असशील. देशभरात ज्यांना जास्त मतं, तेच हरले! माझं डोकं फुटायची वेळ आली होती. पोलिसाची काठी बरगडीत बसली. एक दुकानदार बर्फाचं फावडं घेऊन अंगावर आला, त्याच्या नाकावर मी ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज आला. तेव्हा मला बरं वाटलं होतं. काय लपवू?

ऑक्टोबरमध्ये तुमच्या स्वयंपाकघरात तुझ्या बाबांशी झालेलं भांडण आठवतं? पक्षानं डॉकना राज्याच्या वतीनं राष्ट्राध्यक्षाला मत देणाऱ्या दहा निर्वाचकांत घेतलं होतं. मी म्हणालो, “डॉक, सरळ सगळ्या देशाची मतं मोजा आणि मोकळे व्हा. मधे तुम्ही दहा जण कशाला?”

“मिलवॉकीकर बोलला!” ते लोण्याची सुरी माझ्याकडे रोखून म्हणाले. “अरे, गोठ्यात खण का करतात? एक गाय बिथरली तर बाकीच्या तुडवल्या जाऊ नयेत म्हणून. देशाचे पन्नास खण आहेत. भांडण लागलं तर त्या खणात मिटवता येतं. सगळ्यांचा एकच ढीग केलास, तर एका मताच्या वादासाठी प्रत्येक गावची पेटी पुन्हा उघडावी लागेल.”

“आणि जास्त माणसांचं काय?”

“जास्त माणसं मोठ्या शहरांत. ढीग एकच असेल तर उमेदवार तिथूनच परत जातील. आता त्यांना इथं यावं लागतं, दुधाच्या भावावर चार प्रश्न ऐकावे लागतात. तुला पटलं नाही तर कायदा बदलायला लोक गोळा कर. मी हातातला डाव मधेच बदलणार नाही.”

तू म्हणालीस, “कॅझ, खा आता. बाबांशी जिंकून तुला काय मिळणार?” मला काय हवं होतं हे तुला खरंच कळत नव्हतं?

मग कुणीतरी निर्वाचकांचे पत्ते इंटरनेटवर टाकले. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी दुपारी आम्ही चौघं तुमच्या गावी आलो. मार्लो गाडी चालवत होता. हरणांच्या शिकारीचा हंगाम, सगळं गाव नारिंगी कोटांत. मीही नारिंगी कोट घातला, तोंडाला मफलर बांधला. म्हटलं, या गर्दीत कोण ओळखतंय! पुढचं तुला माहीत आहे. घोषणा झाल्या, शिव्या झाल्या, मग अर्धी वीट काच फोडून आत गेली आणि डॉकचं उजवं मनगट चिरडलं.

ब्रिटा, ‘वीट गेली’ असं मी तीन आठवडे स्वतःला सांगतोय. वीट मी मारली.

आणि लोकशाहीसाठी मारली नाही. खिडकीत तू पाठमोरी होतीस. पक्षाच्या त्या टाय लावलेल्या वकिलाच्या कपात कॉफी ओतत होतीस आणि हसत होतीस. खांदे हलवत, माझ्या विनोदांवर हसायचीस तशी. माझा नेम त्याच्यावर होता. डॉक मधे आले. पळताना मी तुझी किंकाळी ऐकली, आणि तरी पळालो.

आडवं आलेलं वासरू गायीच्या पोटात हात घालून वळवायला गुरांच्या डॉक्टरच्या बोटांत जोर लागतो. तो आता परत येणार नाही, असं म्हणतात.

नंतर आपल्या राज्याची फेरमोजणी झाली. तीस लाख मतं, बारा दिवसांत भांडण मिटलं, शेजारच्या राज्यांना उठावंही लागलं नाही. मला डॉकचे खण आठवले. जास्त मतं त्याचं राज्य, असं मी अजूनही म्हणतो. पण त्यांच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीट होती.

काल विधानभवनात निर्वाचकांच्या सह्या होत्या. मी सज्ज्यात होतो. सगळे ओरडत होते, “शरम करा! शरम करा!” माझा आवाज सगळ्यांच्या वर. डॉकची पाळी आली. कारकून माइकजवळ वाकून म्हणाला, “डॉक्टर, तुमच्या जागी दुसरा नेमता येतो.” त्यांनी मान हलवली आणि डाव्या हातात पेन धरलं. सहा प्रती, सहा सह्या. जीभ दातांत धरून, पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर. तिसऱ्या सहीला माझा आवाज बसला.

बाहेर जिन्यापाशी ते नेमके माझ्यासमोर थांबले. माझ्या कोटाची बाही चाचपली.

“टाके धरलेत की रे अजून.”

गेल्या वर्षी काटेरी तारेत ती बाही फाटली होती. गायीचं पोट शिवायच्या निळ्या दोऱ्यानं त्यांनीच ती शिवून दिली होती. आणि मी मूर्ख, तोंड झाकून तोच कोट घालून आलो होतो.

“तुम्ही... त्या दिवशीच ओळखलंत?”

“काच फुटायच्या आधीच. दोरा माझा, टाके माझे.”

“मग शेरीफला का नाही सांगितलंत?”

“आत्ताच लाखभर लोकांच्या वतीनं सह्या करून आलोय, पोरा. तुझ्या वतीनं मी करणार नाही.” दोन पायऱ्या उतरून ते वळले. “ब्रिटालाही मी सांगितलेलं नाही.”

या पत्राची दुसरी प्रत शेरीफसाठी आहे. तुझं टपालात टाकून दुपारच्या बसनं तिकडे निघतो. कोट घालूनच जातोय, ओळख पटवायला कुणाला त्रास नको. खटल्याला तू यावंस असं म्हणणार नाही. तो टायवाला वकील भला माणूस असेल.

काल खोलीवर मी डाव्या हातानं सही करून पाहिली. चौथीला हात दुखला, सहावी वाचता येईना. खालची सही उजव्या हाताची आहे. हाच तो हात.

तुझा, हे लिहायचा हक्क उरला नाही तरी,
कॅझिमिर वॉयटाक